साहेबांचा डावा पाय

शनिवार पेठेतल्या माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती तालमीच्या मागच्या पटांगणावर उघडायची. खोली म्हणजे कॉटबेसिस. चौघांत एक पंखा आणि एक आरसा. मी अमरावतीहून नवीनच आलो होतो, सॉफ्टवेअर कंपनीत चिकटलो होतो आणि आपण आता जग चालवणार अशा समजुतीत होतो. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी चहाचा कप घेऊन मी खिडकीत उभा राहायचो. खाली पाच-पंचवीस माणसं लाठ्या आणि दांडपट्टे फिरवत असायची. विशेष म्हणजे त्या पटांगणात कुणीच काही बोलत नसे.

एके दिवशी खालून आवाज आला, "अहो खिडकीतले."

मी इकडेतिकडे पाहिलं. खाली खुर्चीवर एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानटोपी, मांडीवर थर्मास. त्यांनी मान वर केली नव्हती.

"वरून फुकट बघताय ते खाली येऊन बघा. खाली पण फुकटच आहे."

"नाही, मी आपला सहज बघून राहिलो होतो," मी म्हटलं.

"बघून राहिलात ना? मग आता खाली येऊन राहा."

मी खाली गेलो. का गेलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. पुण्यात येऊन मला काही महिने झाले होते आणि तोवर कुणी मला 'या' असं म्हटलंच नव्हतं, हे कारण असावं.

त्यांना आम्ही आपसांत 'साहेब' म्हणायचो. ते एका बँकेत अधिकारी होते आणि स्वेच्छानिवृत्तीची लाट आली तेव्हा सर्वांत आधी बाहेर पडले होते. त्यांच्याबरोबरच्या लोकांनी त्या वेळी भरघोस रक्कम घेऊन निरोप घेतला. कुणी कोथरूडला फ्लॅट घेतला, कुणी मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलं. साहेबांनी घरातल्या माळ्यावरचे लोखंडी पट्टे काढले, धार लावून आणली आणि तालमीच्या मागचं पटांगण मागून घेतलं. तोंडावर मात्र त्यांना काय म्हणायचं हा प्रश्नच होता. 'सर' म्हटलं की म्हणायचे, मी शाळेत नाही. 'वस्ताद' म्हटलं की म्हणायचे, ते कोल्हापुरात. मग काय म्हणू, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"काहीच नका म्हणू. मला हाक मारायची वेळ तुमच्यावर येत असेल, तर तुमचं लक्ष भलतीकडे आहे."

तिथं शिकवणं असा प्रकारच नव्हता. साहेब खुर्चीवरून उठायचे, पट्टा चढवायचे, एकदा फिरायचे आणि परत बसायचे. बघणाऱ्यांनी बघायचं. मग जुनी मुलं तेच करायची आणि त्यांच्या मागे उभं राहून नव्यांनी करायचं. कुणी चुकलं तर 'चुकलं' असं कुणी म्हणत नसे. शेजारचा जरा हळू फिरायला लागे, एवढंच. त्याचा अर्थ आपल्याला लागेल तेव्हा लागावा. प्रश्न विचारलेला त्यांना खपत नसे. 'उजवा हात आधी की डावा?' असं विचारणाऱ्याच्या हातात ते जास्तीच्या लाठ्यांची मोळी द्यायचे आणि म्हणायचे, "ही धरा आणि तिकडे बसा. तोंड चालू असलं की डोळे मिटतात." पावलं मोजत कुणी 'एक, दोन, तीन' म्हणायला लागलं तर म्हणायचे, "मोजायला मी बँकेत होतो. इथं नको."

मला हे सगळं फार लागायचं. आमच्या कंपनीत चहाच्या यंत्राचं बटण कसं दाबायचं ह्याचंसुद्धा प्रशिक्षण व्हायचं. एकदा माझे मॅनेजर हौसेनं पटांगणावर आले. कर्मचाऱ्यांचा ताण कमी करायला काहीतरी पारंपरिक हवं असं त्यांच्या मनात होतं. त्यांनी साहेबांना विचारलं, की बेसिक लेव्हलला साधारण किती तास लागतात आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं का.

साहेबांनी थर्मासचं झाकण फिरवत विचारलं, "तुम्ही मराठी कुठं शिकलात?"

"घरीच. म्हणजे, मातृभाषा आहे."

"किती तासांत?"

मॅनेजर हसले. साहेब हसले नाहीत. ताण कमी करायला आमच्या कंपनीत पुढं कॅरमचा बोर्ड आला.

नव्या माणसानं पटांगण झाडायचं आणि सडा टाकायचा असा नियम होता. मी पांढरपेशा, त्यातून मला कथा-कहाण्यांची सवय. झाडू मारता मारता मला वाटायचं, ह्यात काहीतरी गुपित असणार. कंबरेत वाकणं, अर्धगोलात हात फिरवणं, हाच पट्ट्याचा पहिला हात असणार आणि एक दिवस साहेब ते उलगडून सांगणार. मोठ्या भक्तिभावानं मी झाडायचो. शेवटी मनीषाला विचारलं.

मनीषा ही आमच्यातली सर्वांत तयार मुलगी. विश्रांतवाडीच्या पलीकडनं यायची. घरची शेती होती. म्हणजे ती यायला लागली तेव्हा होती, मग तिथं इमारती उभ्या राहिल्या आणि तिचे वडील आण्णा जीपमधनं तिला सोडायला यायला लागले. कॉलेजला जायची, कमी बोलायची.

"झाडण्यात पट्ट्याचा हात असतो ना गं?" मी म्हटलं.

"न्हाई ओ," ती म्हणाली. "धूळ उडती म्हणून झाडायचं."

आण्णांचंही ह्याच झाडूवरून सुरुवातीला साहेबांशी वाजलं होतं म्हणे. ते जीपमधून उतरून आले होते आणि म्हणाले होते, "साहेब, म्हयने झालं पोरगी इथं झाडूच मारतीय. झाडू आमच्या घरी बी हाय की."

"घरी मारते का?" साहेबांनी विचारलं.

आण्णांनी पोरीकडे पाहिलं. "न्हाई मारत," ते शेवटी म्हणाले.

"मग इथं तरी मारू द्या."

त्या दिवसापासून आण्णा रोज जीपमध्ये बसून सगळा तास बघायचे. आपण शिकायला नाही, सोडायला आलोय, असं ते सगळ्यांना सांगायचे. पण त्यांचे खांदे आमच्याबरोबर हलायचे.

झाडणं संपलं की नव्याची बढती व्हायची ती मधल्या जागेवर. हे मात्र खरं शिक्षण होतं. पटांगणाच्या मध्ये मांडी घालून बसायचं, दोन्ही तळहातांवर लिंबं घ्यायची आणि हलायचं नाही. भोवती जुना विद्यार्थी पट्टा फिरवणार. नव्याच्या वाट्याला खरं पातं नसे, बांबूची कामटी असे. पण तीही कानाजवळून गेली की डोळे आपोआप मिटायचे. पट्ट्याची गंमत अशी, की कोपरापर्यंत हात लोखंडी खोबळ्यात गेलेला असतो, मनगट वळत नाही. पातं फिरवायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं आणि अंग फिरतं पायांवर. हे मला कुणी सांगितलं नाही. खाली बसून कळलं. पाऊल वेळेवर पडलं की वारा दोन्ही कानांवर सारखा येतो आणि आवाज मांजरपाट फाडल्यासारखा येतो. पाऊल चुकलं की नुसता पंख्याचा वारा. महिनोन्‌महिने मी त्या वाऱ्याखाली बसलो. मग एक दिवस साहेबांनी न बोलता माझ्यासमोर कामटी टाकली. मी उचलली आणि फिरलो, आणि माझ्या अंगाला कितीतरी गोष्टी आधीच ठाऊक होत्या. त्या दिवशी ऑफिसच्या बसमध्ये मी मूर्खासारखा एकटाच हसत होतो.

आमच्या तालमीचं एक वैशिष्ट्य होतं आणि आम्हाला त्याचा फार अभिमान होता. डावीकडे वळताना आमचं पाऊल पटकन पडत नसे. पाय उचलला, की किंचित ताठ राहायचा, हवेत जरासा अडखळायचा आणि मग एक बारीकसा गचका देऊन टेकायचा. साहेब तसंच करायचे. जुनी मुलं तसंच करायची. हा गचका अंगी बाणायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. तो साधला तेव्हा आपण आता आतल्या गोटात आलो असं वाटलं. त्याच्यावर माझी उपपत्तीही तयार होती. समोरच्याला वाटतं पाऊल पडलं, तो वार करतो, आणि आपलं पाऊल तर अजून हवेतच. वा! रूमवरच्या मित्रांना मी हे कॉटवर उभा राहून समजावून सांगायचो. इतक्या बारकाईनं विचार करणारे आपले पूर्वज, वगैरे.

साहेब स्वतःविषयी बोलत नसत. फक्त दसऱ्याला शस्त्रं पुजायची तेव्हा दोन वाक्यं बोलायचे. त्यांचे गुरू होते, त्यांना ते तात्या म्हणत. तात्यांचा फोटो नव्हता. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. साहेब लहानपणी त्यांच्याकडे होते आणि त्या वेळची बाकीची मुलं एकतर गेली होती, नाहीतर त्यांनी हात सोडला होता.

"तात्यांचा पवित्रा आता माझ्याकडे आहे," साहेब म्हणायचे. पवित्रा म्हणजे पावलांची चाल. "तो माझ्याबरोबर वैकुंठाच्या स्मशानात जळायला नको. एवढ्यासाठी तुम्हाला सहन करतो."

ही त्यांची सगळी महत्त्वाकांक्षा. आणि आम्ही तर तो गचक्यासकट आत्मसात केला होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी शहरातल्या तालमी एका मैदानावर जमून आपापले हात दाखवायच्या. साहेब इतकी वर्षं आम्हाला तिथं नेत नसत. अजून कच्चे आहात म्हणायचे. त्या वर्षी म्हणाले, चला. आम्ही झब्बे शिवले. आण्णांनी जीप धुऊन आणली. मैदानात खुर्चीवर एक म्हातारे वस्ताद बसले होते, कोल्हापूरचे. भगवा फेटा, हातात काठी, नजर घारीची. त्यांनी तरुणपणी तात्यांना पाहिलेलं होतं. तात्यांना पाहिलेलं, पट्ट्यातलं काही कळणारं असं त्यांच्याशिवाय दुसरं माणूस आता उरलं नव्हतं. त्यांनी बघावं म्हणूनच साहेबांनी आम्हाला आणलं होतं. त्या दिवशी साहेबांनी दोनदा पाणी मागितलं, त्यावरून ओळखावं.

हलगी वाजायला लागली. आम्ही ओळीत उभे राहिलो, पुढे मनीषा. उजवीकडे वळलो, टाळ्या पडल्या. मग डावीकडे वळलो. सगळे एकदम. अख्ख्या ओळीचा डावा पाय एकदम ताठ झाला, एकदम अडखळला आणि एकदम गचका देऊन टेकला. मैदानात कुणीतरी खुदकन हसलं. आम्ही पुन्हा वळलो. ह्या वेळी बरेच जण हसले.

म्हाताऱ्या वस्तादांनी काठी वर केली. हलगी थांबली.

"काय ओ साहेब," ते म्हणाले, "तुमच्या गुडघ्याला काय झालंय?"

साहेबांना प्रश्न कळेना. "काही नाही. मागे स्कूटरवरून पडलो होतो. केबलसाठी रस्ता खणला होता, त्या चरात गेलो. आत स्टीलची पट्टी आहे. आता काही त्रास नाही."

"तुम्हाला न्हाई. पोरान्ला हाय." म्हाताऱ्यांनी आमच्या ओळीकडे काठी फिरवली. "आडात हाय तेच पोहऱ्यात आलंय. पोरांनी तुमचा गुडघा बी शिकून घेतलाय की."

सगळं मैदान हसलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी जमिनीकडे बघत होतो. माझी उपपत्ती, आमचे पूर्वज, हवेतलं पाऊल, सगळं त्या केबलच्या चरात गेलं होतं. आम्ही सगळे साहेबांकडे ते पडल्यानंतर आलेलो. चालताना त्यांचा पाय कळत नसे. जरा ताठ चालायचे, पण बँकेतला माणूस ताठच चालणार असं आम्ही धरून चाललो होतो. आणि साहेब आमचे हात बघायचे, डोळे बघायचे; पायांकडे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, कारण पाय आपोआप येतात असं त्यांना त्यांच्या गुरूंनी दाखवलं होतं. पाय आपोआप आले होतेच. फक्त तात्यांचे नव्हते.

हसणारे हसून झाले. म्हातारे मात्र हसत नव्हते. जाताना त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "हात तात्यांचाच हाय. पाय तेवढा राह्यला." ते दुसऱ्यांना ऐकू गेलं नसेल. साहेबांचा चेहरा मला बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत असं आम्हाला वाटत होतं. ते आमच्या आधी आले होते. कानटोपी नव्हती. आम्हाला समोर उभं करून ते, आमच्या आठवणीत पहिल्यांदाच, शिकवायला लागले.

"डावा पाय," ते म्हणाले. "डावा पाय असा..." त्यांनी गुडघा वाकवायला बघितला, तो वाकेना. "म्हणजे, कंबर आधी... नाही. टाच..." ते थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबले. ज्या माणसाचं उत्तर ऐकायला लोकांनी मुद्दाम प्रश्न विचारावेत, त्या माणसाला शब्द सापडत नव्हते. तात्यांनी त्यांना शब्दांत काही दिलंच नव्हतं. ते बघून शिकले होते, आणि जे पाहिलं ते ज्या पायात होतं तो पाय आता वाकत नव्हता. इतके दिवस हा माणूस जाणूनबुजून आडमुठेपणा करतो असं मला वाटत होतं. त्याला खरंच दुसरं काही येत नव्हतं, आणि ते त्याला आत्ता आमच्यासमोर कळत होतं.

शेवटी त्यांनी खुर्चीवरचा थर्मास उचलला. मग तो माझ्या हातात दिला आणि पटांगणाच्या मध्ये जाऊन, तो पाय लांब पसरून, नव्या मुलाच्या जागेवर बसले. दोन्ही तळहात पुढे केले.

"लिंबं आणा. मनीषा, कामटी घे."

मनीषा हलली नाही. "मला न्हाई जमायचं," ती म्हणाली. "तुमच्यावर हात कसा उचलायचा?"

"हात उचल म्हणालो नाही. पाय उचल." त्यांनी डोळे मिटले. "मी लहानपणी तात्यांच्या खाली बसलोय. तो वारा मला ठाऊक आहे. पाय कसा पडायचा ते मला सांगता येणार नाही. पडला की कळेल."

असं ते सुरू झालं. रोज सकाळी साहेब मध्ये बसायचे आणि मनीषा भोवती फिरायची. डावं पाऊल रेंगाळलं की साहेब जिभेनं 'च्' करायचे. बास. दुसरं काही नाही. ती पुन्हा फिरायची, पुन्हा 'च्'. पहिले काही आठवडे पटांगणात पाल शिरल्यासारखं वाटायचं. मुलगी रडकुंडीला आली. एकदा अंगात आलेला गचका काढणं किती अवघड असतं ते आम्हाला तिच्याकडे बघून कळत होतं, कारण आम्हीही तिच्या मागे तेच करत होतो आणि आमच्या पायांना कुणी 'च्' करणारं नव्हतं. एकदा कामटी साहेबांच्या कानाला चाटून गेली, कान टोमॅटोसारखा झाला. घरी काय सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "डास चावला म्हटलं. बायको म्हणाली, डास लाठी घेऊन आला होता का."

मनीषा जायला निघाली की आण्णा जीप सुरू करायचे आणि वाटेत म्हणायचे, असं ती सांगायची, "तू कंबर आधी नेतीस. साहेब म्हणत्यात ते बरोबर हाय." साहेब तर काहीच म्हणत नव्हते. आण्णा बघत होते, एवढंच.

थंडी पडली. एका सकाळी मी लाठ्यांची मोळी ठेवून वळलो, तर लक्षात आलं की बराच वेळ 'च्' आलेलं नाही. मनीषा फिरत होती. पावलं पडत होती, साधी, कसलाही डौल न दाखवणारी, आणि प्रत्येक वळणावर मांजरपाट फाटल्याचा आवाज येत होता. आम्ही सगळे आपोआप थांबलो. साहेब डोळे मिटून बसले होते. ती थांबली तेव्हा म्हणाले, "उद्यापासून खरं पातं."

आम्ही खूश झालो. ते झाले नाहीत. चहा पिताना मला म्हणाले, "माझं वय तेव्हा काय होतं? पोरगा होतो. वारा आठवतोय असं मी म्हणतोय. खरंच आठवतोय की आठवायला हवा म्हणून आठवतोय, कुणी सांगावं?"

"ते कोल्हापूरचे वस्ताद सांगतील," मी म्हटलं.

"तेच एक आहेत. दसऱ्यापर्यंत त्यांनी राहायला हवं आणि मीही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्हीसुद्धा. ऐकतो तुमच्या कंपनीतले सगळे अमेरिकेला चाललेत."

मलाही विचारणा झाली होती. मी कंपनीत सांगितलं, दसऱ्यानंतर. मॅनेजरनं कारण विचारलं. पाय बसवायचाय म्हटलं. त्यांना वाटलं फ्रॅक्चर आहे. त्यांनी लगेच मान्य केलं.

पुढच्या वर्षी मैदान जास्तच भरलं होतं. लंगड्यांची तालीम परत आली म्हणून काही मंडळी खास बघायला आली होती. तसं आमच्या पाठीमागे बोललेलं ऐकू येत होतं. म्हातारे वस्ताद होते. एका वर्षात आणखी वाळले होते, दोघांनी धरून आणून खुर्चीत बसवलं. ह्या वेळी ओळ नव्हती. साहेब एकटे मैदानाच्या मध्ये गेले, पाय पसरून बसले, तळहातांवर लिंबं घेतली आणि डोळे मिटले. बँकेतला साहेब, इस्त्रीचा शर्ट, धुळीत. लोकांची कुजबुज बंद झाली. मनीषा पट्टा चढवून आली. ती आपला उजवा खांदा झटकत होती, भीती वाटली की ती तसं करायची. आण्णा जीपच्या बॉनेटवर उभे होते.

हलगी सुरू झाली. ती उजवीकडून निघाली, हळू, मग वेग घेत. पातं साहेबांच्या डोक्यावरून, कानांवरून, खांद्यांवरून जात होतं. मग ती डावीकडे वळली. पाऊल उचललं गेलं आणि पडलं. कसं पडलं ते मलाही सांगता येणार नाही. पडायला हवं तेव्हा पडलं. पुन्हा वळली, पुन्हा पडलं. उजव्या तळहातावरचं लिंबू दुभंगलं, मग डाव्यावरचं. साहेबांची पापणी हलली नाही. लोक ओरडायला लागले, तेवढ्यात म्हाताऱ्यांची काठी वर गेली.

हलगी थांबली. मनीषा थांबली. गेल्या वर्षीची आठवण सगळ्यांना एकदम आली असणार, कारण मैदान चिडीचूप झालं. म्हातारे खुर्चीचा हात धरून उठायला लागले. दोघं धावले, त्यांना त्यांनी झिडकारलं. उभे राहिले. डोक्यावरचा फेटा त्यांनी दोन्ही हातांनी सारखा केला आणि मनीषाकडे नाही, तिच्या पायांकडे बघत हात जोडले.

"तात्या," ते म्हणाले. "लई वर्सांनी दिसलासा."

मग जे झालं त्याला गोंधळ म्हणतात. फेटे उडाले, हलगीवाल्यांना काय वाजवावं कळेना म्हणून ते सगळंच वाजवायला लागले. आण्णा बॉनेटवरून उडी मारून आले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, "पोरगी माझी हाय. घरी झाडू मारत न्हाई." मला हुंदका आला, तो मी दाबला नाही. आम्ही मनीषाला उचललं, पट्ट्यासकट, हे फार धोक्याचं होतं.

साहेब अजून तिथंच बसले होते. त्यांनी डोळे उघडले होते आणि लिंबाच्या फोडी हातात धरून ते गर्दीकडे बघत होते.

"काय म्हणाले वस्ताद?" त्यांनी मला विचारलं. म्हातारे पुटपुटल्यासारखं बोलले होते, मध्ये बसलेल्या साहेबांना ते ऐकू गेलं नव्हतं.

मी सांगितलं. म्हातारे काय म्हणाले, हात कसे जोडले, सगळं. साहेब ऐकत राहिले. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग ते माझा खांदा धरून उठले, शर्टाच्या बाहीनं चेहरा पुसला, थोडं लिंबू डोळ्यात गेलं असावं, आणि म्हणाले, "तुम्ही बसा मध्ये."

"मी?"

"खरं पातं आहे. हलू नका."

ते गर्दीतून वाट काढत गेले. पुढच्या रांगेत शाळकरी मुलं जमिनीवर बसली होती. साहेबांनी त्यांना सरकायला सांगितलं आणि त्यांच्यामध्ये, पाय लांब करून, खाली बसले. म्हाताऱ्यांच्या खुर्चीशेजारी त्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"मनीषा," त्यांनी हाक मारली, "परत कर. सगळ्यांनी बघितलं, मी नाही बघितलं. वर्षभर डोळे मिटून बसलोय."

मैदान पुन्हा शांत झालं. मनीषानं पट्टा सावरला. मी मध्ये बसलो, तळहात पुढे केले, कुणीतरी लिंबं ठेवली. हलगीवर टिपरी पडली. ती निघाली, वारा माझ्या उजव्या कानावरून गेला, आणि मग ती डावीकडे वळली. मला तिचा पाय दिसत नव्हता, तिथं बसून तो दिसत नाहीच. समोर साहेब दिसत होते. त्यांचा जबडा सुटला होता, मान पुढे आली होती, आणि मनीषाच्या प्रत्येक पावलाबरोबर ते इतक्या आनंदानं मान हलवत होते, की जणू तात्या त्यांच्यासमोर एकेक पाऊल टाकत चालले होते आणि त्यांना ते सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायचं होतं. माझ्या हातांवरची लिंबं कधी कापली गेली ते मला कळलंच नाही. मी साहेबांकडे बघत होतो.